सरकलेला लाल

"बत्तिशी, हातातलं ठेवा आणि आधी हे बघा!"

काउंटरवरच्या मॅडम मोबाइल नाचवत मागच्या खोलीत शिरल्या, तेव्हा बत्तिशीच्या हातात एका निवृत्त मुख्याध्यापकांचा वरचा जबडा होता. गुलाबी मेणाच्या हिरडीत डावा सुळा बसवायचा होता, आणि तो केसभर तिरका बसवायचा होता. माणसाचे खरे दात कवायतीला उभे राहिल्यासारखे नसतात, एखादा तरी शेजाऱ्याला खेटून असतो. कवळी लावलेला माणूस हसला की समोरच्याला ती कवळी वाटू नये, ही सगळी करामत त्या केसभर तिरकेपणात होती. बत्तिशीला ती साधली होती.

"मेण गार होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे गार. तुमचा टपाल्या आलाय!"

बत्तिशीने सुळा खाली ठेवला.

दातांच्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो एकोणतीस वर्षं कवळ्या बनवत होता. पुढे डॉक्टरबाई ठसे घ्यायच्या, ते प्लॅस्टरचे जबडे त्याच्याकडे यायचे, आणि चार दिवसांनी बत्तीस दात ओळीने बसून पुढे जायचे. नाव त्यावरूनच पडलं होतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण त्यातला एकही माणूस त्याने समोरासमोर पाहिलेला नव्हता. 'तोंडओळख तेवढी आहे, बाकी ओळख नाही,' हा त्याचा एकुलता एक विनोद. मॅडमनी तो इतक्यांदा ऐकला होता की आता त्याच्या आधी त्याच हसून घ्यायच्या.

मोबाइलच्या पडद्यावर नव्या सिनेमाची जाहिरात सुरू झाली आणि काळोख्या गल्लीतून एक माणूस चालत आला. डोक्यावर टोपी, टोपीच्या सावलीत चेहरा बुडालेला, खांद्याला लाल पिशवी. गल्ली काळी, दिवे पिवळे आणि लाल फक्त ती पिशवी. तीन रंगांपलीकडे चौथा रंग नाही. माणसाने दार ठोठावलं, तर 'ठक ठक' ही अक्षरंच दारावर उमटली.

"तोच ना हो?" मॅडमनी विचारलं. "मागे एकदा चहा गार होईस्तोवर सांगत होतात मला."

"तोच," बत्तिशी म्हणाला. मग त्याने विचारलं, "परत लावता?"

टपाल्या म्हणजे पत्ता हरवलेली पत्रं पोचवणारा पोस्टमन. चित्रकथांचं एक मासिक निघायचं, त्यात तो असायचा. कुणी जग सोडून गेलेलं, कुणी घर सोडून गेलेलं, कुणी नाव बदलून बसलेलं, अशांना टपाल्या शोधून काढायचा, वाटेत चार गुंड आडवे आले तर पिशवीने झोडपायचा, पण पत्र पोचवायचाच. एकतीस अंक निघाले आणि मासिक बंद पडलं. त्यातले तेवीस अंक बत्तिशीच्या कपाटात होते. वडील ज्या छापखान्यात मशीनवर होते, तिथेच ते मासिक छापलं जायचं. महिन्यातल्या एखाद्या दुपारी वडील घरी यायचे, सदऱ्याच्या आतून घडी घातलेला एक मोठा कागद काढायचे, तो दुमडून, कापून, जाड दोऱ्याने शिवून त्याचं पुस्तक करायचे आणि काही न बोलता मुलाच्या पुढ्यात ठेवायचे. कधी कधी रिकाम्या हातानेही यायचे. म्हणून तेवीस.

लग्न बत्तिशीने केलं नव्हतं. एकदोनदा जमत आलं आणि फिसकटलं, नंतर कुणी मनावर घेतलं नाही, त्यानेही नाही. थोरली ताई दूरच्या शहरात. दर रविवारी अकराला तिचा फोन. बाकी दिवस घरात आवाज म्हणजे नळाचा आणि त्याच्या स्वतःच्या चपलांचा. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात ज्याच्याबद्दल तासभर न थांबता बोलता येईल अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, ती म्हणजे टपाल्या. आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. डॉक्टरबाईंनी काळजीने विचारलं, "बरं नाही का?"

"नाही, सिनेमाला जायचंय."

डॉक्टरबाई एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "जा की!"

दुपारच्या खेळाला गर्दी होती. बरीचशी तरुण मंडळी, कित्येकांच्या डोक्यावर टपाल्याची टोपी, एकाने तर लाल पिशवीही शिवून आणली होती. बत्तिशीला भरून आलं. एवढे लोक! इतकी वर्षं हे सगळे होते कुठे?

सिनेमा सुरू झाला आणि तो खुर्चीच्या टोकाशी आला. पडद्याच्या चौकटी पडत होत्या, एका चौकटीत जिना, दुसरीत हात, तिसरीत नुसती दाराची कडी, अगदी पानावर असत तशा. सावल्या शाईच्या. कुणी पडलं की 'धप्प' असं लिहून यायचं आणि अख्खं थिएटर ओरडायचं. बत्तिशीही एकदा ओरडला, आणि दचकून इकडेतिकडे पाहू लागला.

पण अर्ध्या तासात त्याला काहीतरी खटकायला लागलं. नवी कवळी घातलेल्या माणसाला खटकतं तसं. सगळं जागच्या जागी आहे, पण जीभ सारखी एकाच ठिकाणी जातेय. मग त्याच्या ध्यानात आलं. लाल. पिशवीचा लाल रंग रेघेच्या आत होता. काठोकाठ, व्यवस्थित, कुठेही उतू न जाता. त्याच्या टपाल्याची पिशवी अशी नव्हती. तिचा लाल नेहमी रेघेबाहेर सांडलेला असायचा, कधी खांद्यावर, कधी मागच्या भिंतीवर, कधी पिशवी राहायची पांढरी आणि तिच्याशेजारी हवेत लाल तरंगत असायचा. लहानपणी त्याने त्याचा अर्थ लावला होता, की पत्रांतलं जे कुणी कुणाला सांगितलेलं नाही ते आत मावत नाही, म्हणून बाहेर येतं. मोठेपणीही तो अर्थ त्याने बदलला नव्हता. उलट वय वाढेल तसा तो जास्तच पटत गेला होता.

बाहेर आला तर दारात एक मुलगी माइक घेऊन उभी, बरोबर कॅमेरावाला. टोपीवाल्यांना धरून धरून विचारत होती. बत्तिशी बाजूने निघून जाणार, तेवढ्यात तिने हाक मारली.

"काका, तुम्ही जुने वाचक दिसताय! कसा वाटला? दोन शब्द बोला ना."

तो दोन शब्द बोलणार होता. पण तोंड उघडलं आणि धरण फुटल्यासारखं झालं.

"हे बघा, चांगलाय. मेहनत घेतलीय. सावल्या तर अशा पकडल्यात की बोलायची सोय नाही. पण सतराव्या अंकात एक पान आहे. टपाल्या जिना चढतो. नऊ चौकटी, आणि नऊच्या नऊ चौकटींत तो नुसता जिना चढतोय, बाकी काहीच होत नाही. दार उघडत नाही. तो पायरीवर बसतो. त्या पानावर मी अख्खी दुपार काढायचो. म्हणजे किती वेळ थांबायचं ते माझ्या हातात होतं ना? इथे अकरा सेकंदांत आटपलं, वर व्हायोलिनही वाजवलं. जिन्यावर व्हायोलिन कशाला? त्या जिन्यावर कुणीच नाही, हीच तर गोष्ट आहे त्याची."

मुलगी मान डोलावत होती. आजूबाजूला चारपाच जण थांबले. बत्तिशीला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच मूग गिळून बसलो. ऐकतात की लोक.

"आणि लाल चुकलाय," तो पुढे म्हणाला. "टपाल्याचा लाल रेघेच्या बाहेर असतो. पिशवीत मावत नाही तो. हे म्हणजे मुख्यच विसरले बघा."

लाल पिशवीवाला तरुण पुढे झाला. "नाही काका, आतच असतो."

"बाहेर असतो. माझ्याकडे तेवीस अंक आहेत!"

"माझ्याकडे एकतीसच्या एकतीस आहेत काका. चला, दाखवतो. आत लावलेत ना मूळ अंक."

तो अदबीनेच बोलत होता, दंडाला धरून घेऊन गेला तोही हळुवारपणे. जिन्याखालच्या भिंतीवर काचेच्या चौकटींत जुने अंक मांडले होते. गडबडीत बत्तिशीने येताना ते पाहिलेच नव्हते. सतरावा अंकही होता. जिन्याचं पान उघडं. नऊ चौकटी, नऊ पिशव्या, आणि नऊही लालभडक, रेघेला रेघ लागून. एक टिपूस बाहेर नाही.

"बघा," तरुण म्हणाला.

बत्तिशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मागे कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, हसू येतं तसं.

"हो," तो म्हणाला. "माझीच काहीतरी गल्लत झाली." कॅमेरा अजून चालू होता.

घरी जाऊन त्याने तेवीसही अंक जमिनीवर मांडले. एकेक पान भिंग लावून पाहिलं. गल्लत नव्हती. तेविसांतही लाल बाहेर होता, एकात डावीकडे, एकात वर, एकात तर बोटभर खाली. मग काचेतले अंक खोटे म्हणायचे का? तो तेवीस अंकांच्या मध्ये बसून राहिला आणि त्याला आपलंच घर परक्याचं वाटायला लागलं.

शनिवारी मॅडमनी त्याला मोबाइलवर ती बातमी दाखवली. टोपीवाले, आरडाओरडा, मग पाच सेकंद बत्तिशी. 'लाल चुकलाय,' एवढंच तो म्हणत होता, आणि लगेच त्याचा काचेपुढचा चेहरा, 'माझीच काहीतरी गल्लत झाली.' त्यावर कुणीतरी हसण्याचा आवाज जोडला होता. जिन्याचं काहीच नव्हतं.

"गोड दिसताय हो," मॅडम म्हणाल्या.

"जिन्याचं घेतलं नाही त्यांनी," तो म्हणाला आणि मुख्याध्यापकांचे दात घासायला बसला.

रविवारी अकराला फोन वाजला. तब्येत, गुडघे, जावयाची बदली, सगळं झालं. एरवी तो 'बरं ताई, ठेवतो' म्हणायचा. आज म्हणाला, "ताई, एक विचारू? आपल्याकडे टपाल्याचे अंक होते ना, त्यात लाल रंग बाहेर का असायचा?"

"कशाच्या बाहेर?"

"रेघेच्या."

पलीकडे ताई हसली. "अरे छोट्या, ती रद्दी होती!"

"म्हणजे?"

"म्हणजे बिघडलेला कागद. एकेक रंग वेगळा छापायचे तेव्हा. आधी काळा, मग पिवळा, शेवटी लाल. कागद हाताने लावायचा मशीनला. जरा सरकला की रंग सरकला. मग तो कागद फेकायचा. चांगले कागद मोजून बाहेर जायचे, त्यांना हात लावायची सोय नव्हती. आणि मासिक विकत घ्यायची आपली कुठली ऐपत? बिघडलेला तेवढा बाबा आणायचे. तुला एवढंही माहीत नव्हतं?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंच नाहीस. तुला पुस्तक मिळालं की तू गडप. आणि बाबा रिकाम्या हाताने आले की भोकाड पसरायचास. आई म्हणायची, बघा तरी याची तऱ्हा, बापाचं काम नीट झालं की हा रडतो."

बत्तिशी हसला. "पण ताई, बाबांचा हात तर पक्का होता. छापखान्यात त्यांचं नाव होतं म्हणायचे सगळे."

ताईचा आवाज खाली आला.

"होतंच. आईने शेवटच्या दुखण्यात सांगितलं मला. मशीनवर बाबांचा कागद कधी म्हणजे कधी सरकला नाही. पहिल्या महिन्यात एकदा चुकून सरकला असेल, तो त्यांनी तुला आणून दिला. तू म्हणे तो उशाशी घेऊन झोपलास. त्यानंतर दर अंकाला बरोबर एक कागद बिघडायला लागला. एकच. मुकादम ओरडायचा, म्हातारे झालात का म्हणून चारचौघांत बोलायचा. बाबांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. ज्या महिन्यात मुकादम मशीनशेजारी उभा राहायचा, त्या महिन्यात कागद बिघडायचा नाही."

"आणि त्या महिन्यात मी रडायचो."

"लहान होतास रे."

"तू मला का नाही सांगितलंस? सहा वर्षं झाली आईला जाऊन."

"सांगणार होते," ताई म्हणाली. "पण आपण फोनवर काय बोलतो? गुडघे आणि जावई."

फोन ठेवल्यावर त्याने अंक एकेक करून कपाटात ठेवायला घेतले. वडिलांचे हात त्याला आठवत होते, पण चेहरा काही केल्या नीट येईना. कागद शिवताना त्यांची मान खाली असायची आणि तो तर पुस्तकच बघत असायचा. निवृत्त झाले तेव्हा छापखान्यातल्या कुणीतरी घरी येऊन बोलताना म्हटलं होतं, 'हात चांगला होता हो, मधली दोनतीन वर्षं तेवढा जरा थरथरायचा.' वडील तेव्हाही गप्प राहिले होते, आणि विशीतल्या मुलाला मनातून त्यांची थोडी लाज वाटली होती. आपला हात तसा नाही हे दाखवायला की काय, तो स्वतः दातांच्या कामाला लागला होता. तिथे हात पक्का लागतो, असं त्याने तेव्हा वडिलांना ऐकवलंही होतं. वडील म्हणाले होते, 'चांगलं आहे.'

मंगळवारी त्याने पुन्हा अर्धी रजा मागितली.

"परत सिनेमा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तोच."

दुपारच्या खेळाला या वेळी सातआठच माणसं होती. टोप्या नव्हत्या. तो मधल्या रांगेत एकटा बसला आणि त्याने सिनेमा दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखा, हात मांडीवर ठेवून पाहिला. हा बाकीच्या सगळ्यांचा टपाल्या होता. त्यांनी तो असाच पाहिला होता, आणि सिनेमावाल्यांनी तो त्यांना अगदी होता तसाच परत दिला होता. त्यात त्याला आता कसलीही खोट काढावीशी वाटेना. जिन्यावरचं व्हायोलिन मात्र आजही नको होतं. त्या एका मतावर तो कायम राहिला.

शेवटचं पत्र पोचलं, टपाल्या गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला आणि नावं सुरू झाली. सातआठ माणसं उठून गेली. बत्तिशी बसून राहिला. मूळ चित्रं काढणाऱ्याचं नाव आलं, गोष्टी लिहिणाऱ्याचं आलं, मासिक काढणाऱ्यांचं आलं, त्यांच्या वारसांचे आभार आले. मग सावल्या करणारे, आवाज देणारे, मिशा चिकटवणारे, गाड्या चालवणारे, जेवण पुरवणारे. शेकडो नावं. तो ओठ हलवत एकेक वाचत होता. बरीच हुकत होती, तरी पुढचं धरत होता. शेवटी एका कंपनीची खूण आली, संगीत तुटलं आणि दिवे लागले.

झाडू घेतलेली एक बाई रांगेच्या टोकाला उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"सॉरी हं," तो म्हणाला. "तुमची खोटी केली."

"नाही हो. नावं संपेस्तोवर कुणी बसलं की मी थांबते. बहुतेक त्यांचं कुणीतरी असतं त्यात." ती जवळ आली. "तुमचं कोण होतं?"

"वडील."

"अरे वा! दिसलं नाव?"

"नाही."

बाईने झाडू भिंतीला टेकवला.

"फार भरभर जातात हो नावं," ती म्हणाली. "धड वाचूही देत नाहीत."

"हो," बत्तिशी म्हणाला. "फारच भरभर."

तो उठला. आपली खुर्ची त्याने हाताने वर केली, शेजारची वर केली, आणि दाराकडे जाता जाता त्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या एकेक करून वर करत गेला, म्हणजे तिला खालून झाडता यावं.